वजनाचा आकडा वर्गासमोर कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतील आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांना वर्गातच रांगेने वजनकाट्यावर उभे करायचे, एकाने आकडा मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तो नोंदवहीत उतरवायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. नववीत शिकणारा माझा भाचा यंदा काट्यावर चढला, ‘ब्याऐंशी’ असा पुकारा झाला आणि तेव्हापासून वर्गात त्याचे नावच ‘ब्याऐंशी’ पडले. ‘ढोल्या’ आणि ‘जाड्या’ आधीपासून होतेच.

चिडवाचिडवी आमच्याही वेळी होती, मुलाने थोडे घट्ट व्हावे, असे नातेवाइकांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांनी ऐकवले. (ऐकवणारे बहुतेक सडपातळ होते, हा योगायोग समजू.) प्रत्यक्षात मुलगा एकटा पडत गेला. मधल्या सुट्टीत डबा उघडला की ‘अजून खा’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच, म्हणून डबा तसाच घरी येतो आणि संध्याकाळी भुकेने कासावीस झालेला हा मुलगा हाताला लागेल ते खातो. खो-खोसाठी दोन कप्तान एकेकाला निवडत जातात, शेवटी हाच उरतो, आणि मग ‘तू गुण लिही’ म्हणून त्याच्या हाती वही दिली जाते. ज्याने पळायला हवे त्यालाच बसवून ठेवायचे आणि पालकांना मात्र ‘वजनाकडे लक्ष द्या’ असा निरोप धाडायचा, हा न्याय अजब आहे.

तरीही त्याची सारी धडपड त्याच मुलांत मिसळण्याची असते. तो त्यांच्या प्रकल्पवह्या पूर्ण करून देतो, समोशांचे पैसे भरतो, त्यांच्याआधी स्वतःच स्वतःच्या पोटावर विनोद करतो. स्नेहसंमेलनात त्याला कुंभकर्ण केले, तेव्हा प्रेक्षक कशाला हसणार हे ठाऊक असूनही तो हरखून गेला होता, कारण तालमीसाठी का होईना, त्याला कोणीतरी हाक मारून बोलावत होते.

हे एका मुलाचे दुखणे नाही. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला महिन्याभरात सोबत्यांकडून छळ सोसावा लागतो आणि त्यामागे शरीराची ठेवण हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली असली, तरी तो कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता आहे. नववी-दहावीतील, म्हणजे ज्या वयात आरसा सर्वांत निर्दय वाटतो त्या वयातील बरीच मुले त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तक्रारपेटी बहुतेक शाळांत टांगलेली असते, पण ‘मला कोणी संघात घेत नाही’ अशी चिठ्ठी कोणता मुलगा त्यात टाकील?

यासाठी निधी लागत नाही. वजन स्वतंत्र खोलीत घ्यावे आणि आकडा फक्त पालकांना कळवावा. संघ कप्तानांनी न निवडता ‘एक-दोन, एक-दोन’ मोजून पाडावेत. शिक्षकांनी हजेरी घेताना टोपणनावे वापरू नयेत. सरांच्या तोंडून एकदा आलेले नाव मुले वर्षभर वापरतात. शिक्षण विभागाने निदान वजनाबाबतचे परिपत्रक पुढील तपासणीपूर्वी काढावे, ही विनंती.

आपली,
एका विद्यार्थ्याची मावशी, सातारा