वेळेत बाहेर पडणाऱ्यास

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसून म्हणालास, "आई, ही पॉन्झी आहे हे मलाही कळतं. बुडायच्या आत मी बाहेर पडणार." पॉन्झी, म्हणजे नव्यांच्या पैशांतून जुन्यांना 'नफा' वाटणारी योजना. तू भोळेपणाने अडकला असतास तर फोनवरच भागलं असतं. पण सगळं कळून पैसे घालणाऱ्याशी सविस्तर बोलावं लागतं, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. तुझी साइट दिवसाला 2 टक्के देऊ म्हणते, ते चक्रवाढीने धर. वर्षाअखेरीस शंभराचे एक लाख सदतीस हजारांच्या वर होतात. हे ज्याला खरोखर जमतं, तो तुझ्यामाझ्याकडे पैसे कशाला मागेल? बाकी ट्रेडिंग बॉट, फॉरेक्स, मायनिंग असे कमाईचे जे मार्ग ते सांगतात, ती नुसती पाटी. 1920 साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीची (या प्रकाराला नाव त्याचंच) पाटी टपालाच्या रिप्लाय कुपनांची होती, म्हणजे परदेशात देऊन टपाल तिकिटं घ्यायच्या कुपनांची. वचन 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं. हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं की त्याच्या धंद्याला सोळा कोटी कुपनं लागली असती, आणि चलनात होती जेमतेम 27 हजार. तरी लोक रांगा लावत होते, कारण आधीच्यांना पैसे मिळालेले त्यांनी पाहिले होते.

तुलाही मिळाले, कबूल. पहिली छोटी रक्कम चटकन हातात पडते, कारण तो त्यांचा जाहिरातीचा खर्च असतो. त्यानंतर स्क्रीनवर रोज वाढणारा आकडा म्हणजे त्यांच्या सर्व्हरवरची नुसती नोंद. अशा साइट्सचं सॉफ्टवेअर तयार विकत मिळतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

आता तुझं 'वेळेत'. रोज किती पैसे आले आणि किती गेले, हे फक्त चालवणाऱ्याला दिसतं. आवक आटली की पळायचं कधी, हे तोच ठरवतो. तू ज्या यादीत "पेमेंट चालू आहे" असा हिरवा शिक्का बघतोस, तसल्या याद्या बहुधा तुझ्यासारख्यांच्या भरण्यावर कमिशन खातात. 2018 च्या जानेवारीत बिटकनेक्ट या क्रिप्टो कंपनीने लोकांकडून पैसे घ्यायची कर्जयोजना अचानक बंद केली आणि तिच्या टोकनचा, म्हणजे तिच्या डिजिटल नाण्याचा, भाव कोसळला. त्यात अडकलेले कितीतरी जण 'वेळेत बाहेर पडू' म्हणणारेच होते.

समजा, सुटलास. अमेरिकेतल्या बर्नार्ड मॅडॉफचा पॉन्झी घोटाळा 2008 मध्ये फुटला, तेव्हा ज्यांनी घातल्यापेक्षा जास्त काढलं होतं त्यांच्याकडूनही तो नफा, बुडालेल्यांचे पैसे वसूल करायला नेमलेल्या विश्वस्ताने कोर्टात जाऊन परत मागितला. आणि मागितला हे मला रास्तच वाटतं. तो नफा कुणाचं तरी मुद्दलच होतं.

म्हणूनच तुझी रेफरल लिंक मला सगळ्यात जास्त खुपते. तू दोन मित्रांना घेतलंस, म्हणजे तुझ्या बाहेर पडण्याचे पैसे ते भरणार. बिटकनेक्टच्या प्रचारकांवरही 2021 मध्ये अमेरिकेच्या एसईसीने (तिथल्या शेअर बाजार नियामकाने) खटले भरले. नुसतं "मी फक्त लिंक दिली" म्हणून भागत नाही.

आज सगळी रक्कम काढायला टाक. 'पेंडिंग' दाखवून व्हेरिफिकेशन फी किंवा कर मागितला, तर एक पैसाही भरू नकोस. गेलं ते गेलं धर. मग "बुडालेले पैसे मिळवून देतो" म्हणत कुणी मेसेज करेल, त्यालाही उत्तर नको. तीही त्याच जातीची मंडळी. सगळ्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट ठेव, सायबर पोलिसांकडे जावं लागलं तर उपयोगी पडतील. मित्रांना मात्र मेसेज नको, स्वतः फोन कर, आणि आधी त्यांना पैसे काढायला सांग.

तुझी,
आई