मागच्या रविवारी फोनवर जे अर्धवट राहिलं ते

प्रिय आई, बाबा,

सलाम.

मागच्या रविवारी बाबा म्हणाले, "अगं तिकडच्या चर्चला काय कमी आहे, तू तुझ्या पगाराचा दशांश तिकडे कशाला देतेस, इथे आपल्या मंडळीच्या चर्चचं छप्पर दोन पावसाळे गळतंय", आणि मी नुसतं हो हो करत राहिले आणि तेवढ्यात फोन कट झाला. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं मोठं पाठवलं तर बाबांना वाचायला त्रास होईल म्हणून दादाला सांगितलंय की प्रिंट काढून दे आणि अक्षर मोठं ठेव.

छपराचं आधी सांगते. पुढच्या महिन्यापासून दशांशातला अर्धा हिस्सा नगरला येईल, दादाच्या अकाउंटवर, आणि पावती मंडळीच्या नावाची घ्या. बाबा, तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं, मला आधीच सुचायला हवं होतं. पण उरलेला अर्धा इथेच देणार आहे, आणि तो का ते मला तुम्हाला नीट सांगायचंय कारण त्यात तुमचाही संबंध आहे.

आमचं चर्च श्रीमंत नाहीये. बॉस्टनच्या पश्चिमेकडचं लहान गाव, लाकडी पांढरी इमारत, रविवारी सत्तर-ऐंशी माणसं आणि त्यातली निम्मी तुमच्या वयाची. हीटिंगचं बिल आलं की ट्रस्टी लोकांचे चेहरे उतरतात. तरी वर्षातून दोनदा एक वेगळं दान उचलतात जे चर्चच्या खर्चाला अजिबात लावत नाहीत. एक लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, त्याला 'वन ग्रेट अवर ऑफ शेअरिंग' म्हणतात, ते भूकंप, पूर, निर्वासित, पाणी, शेती अशा कामांना जगभर जातं. दुसरं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, 'नेबर्स इन नीड', ते ह्याच देशातल्या लोकांसाठी, आणि त्यातला तिसरा हिस्सा इथल्या मूळ आदिवासी मंडळींच्या कामाला जातो. मी दोन वर्षं मिशन कमिटीवर आहे त्यामुळे उपासनेनंतर मागच्या खोलीत बसून पैसे मोजणाऱ्यांत मीही असते. चेक असतात, ऑनलाइन आलेल्यांची यादी असते, आणि दर वेळी चुरगळलेल्या एक-एक डॉलरच्या नोटाही असतात. एक आजीबाई आहेत, पेन्शनवर राहतात, त्या पाकिटावर पेन्सिलीने लिहितात 'पाण्यासाठी'. मला दर वेळी आईचा तो तेलाचा डबा आठवतो.

आई, आठवतो ना? भाकऱ्या करायला बसलीस की आधी एक मूठ ज्वारी त्या डब्यात, मग दळणाचं. महिन्याच्या शेवटी महिला मंडळाच्या बायका सगळे डबे आणून चर्चच्या ओट्यावर ओतायच्या आणि ते विकून आलेले पैसे सुवार्तेच्या कामाला जायचे. मी हे इथे कमिटीत सांगितलं तर एक मिझो मुलगी, ती इथे नर्स आहे, एकदम उठून उभी राहिली, म्हणाली आमच्याकडे पण! त्यांच्याकडे बायका दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात, 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला, १९१० पासून चालू आहे आणि त्या तांदळावर मिझो चर्चने कितीतरी मिशनरी मिझोरामच्या बाहेर पाठवलेत. ज्या मिझो लोकांकडे मिशनरी बाहेरून आले होते त्यांच्याच घरातल्या तांदळातून आता दुसरीकडे मिशनरी जातायत, हे ऐकून मी त्या दिवशी घरी येताना गाडीत रडले, आनंदानेच.

आता आमच्याकडे प्रत्यक्ष काय चालतं ते सांगते कारण आई विचारत होती. दर मंगळवारी तळघरात फूड पँट्री. दुपारी ट्रक येतो, आम्ही खोकी उतरवतो, राजमा, टूना, पास्ता, पीनट बटर, बेबी डायपर, आणि साडेचारला दार उघडतं. आधी आम्ही पिशव्या भरून हातात द्यायचो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लोक बाहेर जाऊन नको असलेल्या वस्तू भिंतीवर ठेवून जातात, कारण ब्राझीलच्या बाईला काळे राजमे हवेत आणि हैतीच्या आजोबांना तांदूळ, आणि आम्ही सगळ्यांना मॅकरोनी देतोय. आता फळ्यांवर मांडून ठेवतो, ज्याने त्याने आपापलं उचलायचं, दुकानासारखं. तेव्हापासून भिंतीवर काही राहत नाही. आणि लोक मान वर करून बोलतात हो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग किट. चर्च वर्ल्ड सर्व्हिस नावाची संस्था आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली अनेक चर्चेसनी मिळून काढलेली, त्यांच्यासाठी आम्ही हायजीन किट भरतो. एक हात पुसायचा टॉवेल, एक छोटा अंगाचा, रुंद दातांचा कंगवा, नेलकटर, साबण, ब्रश आणि दहा बँडेड. टूथपेस्ट घालायची नाही असा नियम, मला आधी विचित्र वाटलं, पण पेस्टला एक्सपायरी असते आणि किट गोदामात किती दिवस राहील सांगता येत नाही म्हणून ती पाठवायच्या वेळी तेच घालतात. साबणाचं कव्हर काढायचं नाही पण ब्रशचं आणि कंगव्याचं पॅकिंग ठेवायचं की काढायचं ह्यावर दर वर्षी वाद. आई तू असतीस तर टॉवेलची घडी कशी घालायची ह्यावरून सगळ्यांना ओळीत लावलं असतंस. हे किट पूर आला की अमेरिकेतच वाटतात आणि परदेशातही जातात. ऑक्टोबरमध्ये त्यांचाच क्रॉप वॉक असतो भुकेल्यांसाठी, तो १९६९ मध्ये नॉर्थ डकोटात सुरू झाला, त्यात जमलेल्या पैशाचा पाव हिस्सा ज्या गावात चाललो त्याच गावातल्या भुकेच्या कामाला राहतो आणि बाकीचा बाहेर. मला ही वाटणी फार आवडते. घरचं झाल्यावर बाहेरचं बघू असं म्हटलं की बाहेरचं कधीच होत नाही, आणि नुसतं बाहेरचं केलं की दारातला माणूस दिसत नाही.

बाबा, आता तुमच्याशी.

मे महिन्यात आम्ही बॉस्टनजवळच्या सेलमला गेलो होतो. लोक तिथे चेटकिणींच्या खटल्यांमुळे जातात, मी टॅबर्नॅकल चर्च बघायला गेले. आताची इमारत नंतरची आहे पण मंडळी तीच. ६ फेब्रुवारी १८१२ ला तिथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देऊन भारताकडे पाठवलं, त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायची तयारी चालली होती. त्या पाचांतल्याच सॅम्युएल नेवेलची बायको हॅरिएट, हॅवरिलची मुलगी, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचं गाव आहे ते, ती मुंबईपर्यंत पोचलीच नाही, मॉरिशसला बाळ गेलं आणि पाठोपाठ तीही गेली, वय १९. हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना कॉलऱ्याने गेला. मग १८३१ ला नगरला त्यांचं मिशन सुरू झालं. मिस फरार, ज्यांच्याकडे सावित्रीबाईंनी नगरला शिकवण्याचं ट्रेनिंग घेतलं, त्याही इथल्याच शेजारच्या न्यू हॅम्पशरच्या, १८२७ ला एकट्या निघाल्या. आपल्या ख्रिस्ती लोकांच्या ज्ञानोदय पत्राचे जुने अंक तुम्ही ट्रंकेत जपून ठेवलेत ना, तो १८४२ ला नगरला निघाला त्याच्या छपाईचा पैसासुद्धा ह्याच गावांच्या पाकिटांतून आला असणार. आणि ही पाकिटं श्रीमंतांची नव्हती. बॉस्टनच्या मेथडिस्ट बायकांनी १८६९ मध्ये मंडळ काढलं तेव्हा वर्गणी आठवड्याला दोन सेंट ठेवली होती, त्या दोन-दोन सेंटांवर डॉ. क्लारा स्वेन भारतात आली.

म्हणजे बाबा, ज्या चर्चला काय कमी आहे असं तुम्ही विचारलंत, ते त्या काळी पण असंच असणार, गळकं छप्पर आणि पेन्शनवरच्या आजीबाई.

पण मला माहितीय तुमच्या मनात काय आहे. तुम्ही एकदाच बोलला होतात, मी दहावीत होते, लाइट गेले होते आणि आपण अंगणात बसलो होतो. बोर्डिंगमध्ये तुमची फी अमेरिकेतलं कुणीतरी भरायचं आणि दर नाताळाला सगळ्या मुलांनी आभाराचं पत्र लिहायचं. सर फळ्यावर इंग्रजीतून मजकूर लिहून द्यायचे, तुम्ही तो उतरवायचा. एका वर्षी त्यात होतं की नवीन शर्ट मिळाला म्हणून मी फार आनंदी आहे, आणि तुम्हाला शर्ट मिळालाच नव्हता. तुम्ही म्हणालात, "मी बारा वर्षांचा होतो आणि देवाच्या नावाने खोटं लिहिलं." त्यानंतर तुम्ही त्या विषयावर कधी बोलला नाहीत. आजपर्यंत कुणाकडून काही घेतलं नाहीत, आमच्या फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलंत पण स्कॉलरशिपचा फॉर्म भरू दिला नाहीत.

इथे आमची मंडळी भारतातल्या काही विद्यार्थ्यांची फी भरते. मी कमिटीवर आले तेव्हा पहिल्याच मीटिंगला पत्रांचा गठ्ठा आला. सुंदर अक्षर, सगळ्यांची वाक्यं सारखी. सगळे कौतुकाने वाचत होते, एक काका चष्मा काढून डोळे पुसत होते, खरंच मनापासून. आणि मला तुमचा फळा दिसायला लागला. त्या दिवशी बोलता आलं नाही. पुढच्या मीटिंगला बोलले. नाव घेतलं नाही तुमचं, एवढंच म्हटलं की माझ्या ओळखीच्या एका मुलाला शर्ट मिळाला नव्हता. खोली एकदम शांत झाली. मग मी जामखेडचं सांगितलं, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० ला तिथे गेले तेव्हा गावाला काय हवं ते आधी गावाला विचारलं, आणि आरोग्याचं काम गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांच्या हातात दिलं, दलित बायकांच्या सुद्धा. म्हटलं आपल्याला देता येतं, पण विचारायला आपण शिकलेलो नाही अजून. सगळ्यांना पटलं असं नाही. एक जण म्हणाले पत्रं बंद केली तर लोकांचं दान आटेल, कुणासाठी देतोय ते कळायला नको का? त्यांचंही चूक नाही, माणसाला चेहरा लागतो. तीन मीटिंगा ह्यावर गेल्या. शेवटी ठरलं की मुलांकडून पत्रं मागायची नाहीत, हिशोब तिथल्या कमिटीकडून घ्यायचा, आणि वर्षातून एकदा तिकडचं कुणीतरी मोठं माणूस मिशन संडेला इकडे बोलेल, आभार मानायला नाही, काय बरोबर झालं आणि काय चुकलं ते सांगायला.

पहिल्या वर्षी कोण बोलणार असं विचारलं तेव्हा मी म्हटलं विचारून सांगते.

बाबा, तुम्ही बोलाल का? झूमवर, दादा सगळं लावून देईल, तुमची संध्याकाळ असेल. मराठीत बोला, मी इथे शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगेन. बोर्डिंगच्या भाकरीचं सांगा, ज्या सरांनी तुम्हाला गणित लावलं त्यांचं सांगा, तुम्ही नेहमी म्हणता की ते बोर्डिंग नसतं तर मी आज कुणाच्या तरी वाड्यावर सालगडी असतो, ते सांगा. आणि शर्टाचंही सांगा. सांगायचं नसेल तर नका सांगू, मी कधीच बोलणार नाही त्यावर. पण मला वाटतं त्या काकांनी ते तुमच्या तोंडून ऐकावं, ते चांगले आहेत, त्यांना ऐकायचंय.

आणि ज्याने तुमची फी भरली त्याचं नाव कुठे लिहून ठेवलंय का तुम्ही? त्या ट्रंकेत बघा, ज्ञानोदयच्या अंकांखाली. गावाचं नाव मिळालं तरी चालेल. मला त्या गावाला एकदा जाऊन यायचंय.

आई, तुझ्या गुडघ्याचं काय झालं? एक्स-रेचा फोटो पाठवायला सांग दादाला. आणि हंगामाच्या सणाला जिने चढून लिलावाला बसू नकोस, खालीच बस. मागच्या वर्षी तू स्वतःच दिलेला भोपळा स्वतःच बोली लावून परत विकत घेतलास हे मी इथे सांगितलं तर त्यांनी यंदा आमच्या बेक सेलला तसाच लिलाव ठेवलाय. मी नारळाच्या वड्या करणारेय, प्रमाण पाठव, गूळ किती ते नीट लिही, अंदाजे म्हणू नकोस.

रविवारी फोन करते, तुमची उपासना सुटल्यावर.

तुमची,
बेबी