पत्रकावरची नावं

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नाटकाचं पोस्टर मोबाईलवर मिळालं. चित्र झकास आहे. काळ्या रंगावर एक लाल खुर्ची. पण नाटक कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे, हे शोधायला मला दोन बोटांनी पडदा ताणावा लागला. तुझ्या आईनं तर विचारलं, "फर्निचरचं दुकान टाकलं का यानं?" तेव्हा आधी ते दुरुस्त कर. वार, तारीख, वेळ, जागा, तिकीट. ठसठशीत अक्षरांत. जागेसाठी नुसतं हॉलचं नाव पुरत नाही, मंदिरामागे की दवाखान्यासमोर ते लिही. शेजारच्या सोसायटीतली आजी खुणेवरून येते, नकाशावरून नाही.

आता तुझा खरा प्रश्न. ऐंशी खुर्च्यांच्या हॉलसाठी मोबाईलवर पैसे भरून जाहिरात करावी का? माझं मत, करू नये. ती जाहिरात पुण्यातल्या हजार लोकांना दिसेल आणि त्यातला एकही तुमच्या गल्लीतला नसेल. चौकात फ्लेक्सही नको. महापालिकेची परवानगी काढा, नाहीतर दंड भरा. शिवाय फ्लेक्सवर आता वाढदिवसवाल्यांचाच हक्क आहे.

तू गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या बाजूचा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा पोट्टा आहेस, हे विसरून राहिलास की काय? दिवाळी झाली, धान घरात आलं, हातात चार पैसे खुळखुळले की आपल्याकडे मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. गावात नाटक, बाजूच्या गावात नाटक, कधी कधी एकाच रात्री एकाच गावात दोन-दोन. आणि मांडव भरतो. वडशाच्या नाटक कंपन्या जाहिरातीत फार हुशार आहेत म्हणून का? पत्रकं छापतात, ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरवतात, हे खरं. पण भोंग्यानं फक्त तारीख कळते. माणूस येतो तो घरचं बोलावणं आलं म्हणून. मंडई म्हटली की लेक-जावई येतात, मामा येतो, साळा येतो. ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला चुकल्यासारखं होतं. रात्री जेवणं उरकून सगळं घर पाहुण्यांसह मांडवात. तिथंच पोरी पाहतात, सोयरिका जुळतात. नाटक कंपनीचं असतं, पण त्या रात्रीचा यजमान प्रत्येक घर असतं. 2014 साली कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, मंडईतला शंकरपट, म्हणजे तीच शर्यत, काही वर्षं थांबला, तरी नाटकं चालूच राहिली. पाहुण्यांचं येणं पटावर अवलंबून नव्हतं ना.

आणि ते पत्रक आठव, ज्याला तू कॉलेजात असताना हसायचास. वर नाटकाचं नाव, त्याखाली "भव्य तीन अंकी सामाजिक, कौटुंबिक नाटक", आणि मग नावांची रांग. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, अमक्याचे भाऊ, तमक्याचे जावई. तू म्हणायचास, नटांपेक्षा पाहुणेच जास्त. अरे, कंपनीला बोलावणाऱ्या गावच्या मंडळाचा सगळा हिशेब त्याच रांगेत असतो. ज्याचं नाव छापलं तो पत्रक खिशात घालून फिरतो, दहा जणांना दाखवतो, आणि उद्घाटनाला एकटा कसा येणार? घरचे, भाऊबंद, दोन मित्र घेऊनच येतो. मंडळानं कंपनीला ठरलेली रक्कम मोजलेली असते, तिकिटं खपली नाहीत तर खड्डा मंडळाच्याच खिशाला. त्यामुळे ती नावं मान म्हणून जेवढी, तेवढीच हिशेब म्हणून. भाषणं लांबतात हा त्याचा त्रास आहे, कबूल. मीही मांडवात बसून कंटाळलेलो आहे.

तुला दीपप्रज्वलक नकोत. पण तुमच्या सोसायटीत आणि आजूबाजूला अशी पंधरा-वीस माणसं हेर, ज्यांना हे नाटक आपलं वाटेल. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष, भजनी मंडळाच्या बाया, कोपऱ्यावरचा किराणावाला, पोळी-भाजी केंद्रवाली ताई, वाचनालयाचे काका, मुलांना तबला शिकवणारे सर. प्रत्येकाला काहीतरी खरं काम दे. कुणाच्या घरची खुर्ची रंगमंचावर वापरा, कुणाला दारावर तिकीट फाडायला उभं करा, मध्यंतराचा चहा त्या ताईकडूनच घ्या आणि पैसे मोजून द्या. तबल्यावर त्या सरांचा एखादा विद्यार्थी बसव. त्याचे आई-बाप, आजी-आजोबा, एक आत्या, मोज किती खुर्च्या झाल्या ते. पोस्टरच्या खाली या सगळ्यांची नावं बारीक का होईना, छाप. त्या लाल खुर्चीला थोडं बाजूला सरकव.

फुकट ठेवू नकोस. फुकट म्हटलं की सगळे "येतो" म्हणतात आणि त्या संध्याकाळी कुणाला तरी सर्दी होते. शंभर-दीडशे ठेव. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही. आणि तिकीट कागदाचं छाप. पुस्तक करून एक किराणावाल्याकडे, एक वाचनालयात ठेव. कागद फ्रीजवर अडकतो, येता-जाता दिसतो. पोलिसांचं ना-हरकत आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, याचं काय ते वेळेवर विचारून घे. ते शेवटच्या आठवड्यावर ढकललंस तर जाहिरात सोडून तेच करत बसशील.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पोस्टर टाकून मोकळा होऊ नकोस. ग्रुपवरचं निमंत्रण सगळ्यांना असतं, म्हणून कुणालाच नसतं. "काकू, शनिवारी साडेसातला, तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवतो," असं एकेकाला नावानं बोल. शक्यतो दारात जाऊन. तुझ्या टीममधली ती मुंबईची पोरगी बोलण्यात हुशार आहे म्हणतोस, तिला सोबत ने. एकट्या पोट्ट्यानं बेल वाजवली की लोक आधी वर्गणीच समजतात. आणि शुक्रवारी रात्री पुन्हा एकदा आठवण. आपला भोंगाही आदल्या दिवशी सगळ्यात जास्त फिरतो. तारीख ठरवताना मात्र क्रिकेटची मॅच, लग्नाची तिथी आणि शाळेच्या परीक्षा पाहून घे. साडेसातला सुरू करा, रात्री उशिरापर्यंत आवाज नको. आपल्यासारखं पहाटेपर्यंत खेचायला तुम्हाला कुणी देणार नाही.

2023 साली आपल्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे तिकडच्या बऱ्याच पेपरांना झाडीपट्टी दिसली. इथल्या माणसाला त्यांची ओळख पेपरनं करून दिली नव्हती. तुमचा पहिला प्रयोग पेपरात आला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. दारावर एक वही ठेव, येणाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून घे. पुढच्या खेपेला बोलावणं त्या वहीतूनच जाईल.

आम्ही दोघंही येतो म्हणतो. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याला थेट आहे, तारीख पक्की झाली की लगेच कळव, रिझर्वेशन मिळत नाही. आई चिवडा करून आणते आहे. दोन तिकिटं आमच्या नावानं फाडून ठेव, पैसे आल्यावर देतो. पास नको.

तुझा,
बाबा