बाबांच्या इंटरफेरॉनविषयीच्या प्रश्नाला उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

शरीर स्वतःच इंटरफेरॉन हे विषाणूंविरुद्ध इशारा देणारे प्रथिन तयार करते, तर एचआयव्हीच्या रुग्णांना तेच का टोचत नाहीत, असे बाबांनी रविवारी विचारले होते. फोनवर घाईत दिलेले उत्तर माझे मलाच पटले नाही, म्हणून हे पत्र.

इंटरफेरॉन आपल्या घराला नवे नाही. बाबांच्या हेपटायटिस सीच्या वेळी त्याची इंजेक्शने फ्रिजच्या दारात असत. शनिवारी संध्याकाळी एक टोचले की रात्री हुडहुडी भरून ताप चढे आणि रविवारी बाबांना आईच्या हातची पेजसुद्धा नकोशी होई. विषाणूजन्य आजारात अंग मोडून येते, त्यामागेही बहुतांशी हेच प्रथिन असते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते शोधले.

एचआयव्ही शरीरात शिरला की विशिष्ट डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, त्याचा आरएनए (जनुकीय द्रव्य) ओळखून इंटरफेरॉन सोडतात आणि त्या इशाऱ्यासरशी आसपासच्या पेशींमधील शेकडो जनुके कामाला लागतात. त्यांतल्या एका जनुकाचे प्रथिन, टेथरिन, पेशीतून बाहेर पडू पाहणाऱ्या नव्या विषाणूंना पेशीच्या पृष्ठभागालाच बांधून ठेवते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे ते चित्र पाहिले की मला उंबराच्या खोडाला लगडलेली फळे आठवतात. अ‍ॅपोबेक३जी हे दुसरे प्रथिन विषाणूच्या जनुकीय प्रतीतील अक्षरेच बदलून टाकते. पण एचआयव्हीही कच्च्या गुरूचा चेला नाही: त्याचे व्हीपीयू हे प्रथिन टेथरिनला हटवते आणि व्हिफ अ‍ॅपोबेक३जीचा नाश घडवून आणते.

बाबा, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर माकडांवरच्या प्रयोगांत आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एचआयव्हीचा भाऊबंद असलेल्या एसआयव्हीच्या लागणीच्या सुरुवातीलाच ऱ्हीसस माकडांमधील इंटरफेरॉनचा मार्ग रोखला, तेव्हा विषाणूचा साठा वाढला आणि आजार वेगाने बळावला. उलट, आधीपासून इंटरफेरॉन दिलेल्या माकडांना प्रथम लागण होणेच अवघड गेले. परंतु तेच औषध पुढे चालू ठेवल्यावर पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या आणि सीडी४ पेशी (हा विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारपेशी) अधिकच घटल्या. पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे माकडांच्या रक्तात हा विषाणू आयुष्यभर भरपूर प्रमाणात असतो, तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. त्यांच्यातही इंटरफेरॉनची लाट उसळते, पण काही आठवड्यांत ती ओसरते. माणसात, उपचार नसतील तर, ती ओसरत नाही आणि सतत चेतवलेली प्रतिकारशक्ती स्वतःच थकत जाते. अशा रुग्णाला वरून आणखी इंटरफेरॉन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

२०१७ साली तर मानवी प्रतिकारपेशी असलेल्या उंदरांना एचआयव्हीची नेहमीची औषधे चालू असताना काही काळ इंटरफेरॉनचा मार्ग रोखून पाहिला, तेव्हा दडून बसलेल्या विषाणूचा साठा घटला. मला ही दिशा आशेची वाटते, पण माणसात तसे करायचे तर धास्ती आहेच, कारण ही वाट अडवली की फ्लू, नागीण यांसारख्या इतर विषाणूंना रान मोकळे मिळते.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का, ते उलट टपाली कळव.

तुमची लेक