पॉपाय डिस्नेचा नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत कार्टूनपटांच्या इतिहासावरचा लेख होता. त्यातल्या पॉपायच्या चित्राखाली ‘वॉल्ट डिस्नेचा अजरामर खलाशी’ असं छापलंय. ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. पॉपायला १९२९ साली वर्तमानपत्राच्या चित्रपट्टीत आणलं ते ई. सी. सेगर यांनी. १९३३ मध्ये त्याला पडद्यावर चालतं-बोलतं केलं ते न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओने. मॅक्स आणि डेव्ह या भावांचा तो स्टुडिओ, आणि डिस्नेचा त्यांच्याशी संबंध होता तो फक्त स्पर्धेचा.

मी या क्षेत्रातली कुणी मोठी नव्हे. मुंबईत जाहिरातपट करणाऱ्या एका स्टुडिओत अकरा वर्षं सेल रंगवले, एवढंच. सेल म्हणजे कार्टूनच्या एकेका चित्राची पारदर्शक शीट. तिच्यावर पुढून शाईची रेघ असते, रंग मागच्या बाजूने भरायचा. पावसाळ्यात रंग लवकर वाळायचा नाही, सेल एकमेकांना चिकटायचे आणि सोडवायला गेलं की वाघाचा गाल एका शीटवर, मिशा दुसऱ्यावर. पैसे सेलमागे मिळत, खराब झालेला सेल हिशेबातून वजा. त्यामुळे कार्टूनचा इतिहास वाचताना माझं लक्ष आधी टेबलाकडे जातं, मालकाकडे नंतर.

मालकही काही कमी नव्हता म्हणा. मॅक्सने धाकट्या भावाला, डेव्हला, विदूषकाचा पोशाख घालून नाचायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक फ्रेम काचेवर पाडून माणसाच्या हालचालीवरून रेघ उतरवली. रोटोस्कोप तो हाच. पेटंटचा अर्ज १९१५ चा, मंजुरी १९१७ ची. पुढे तोच विदूषक त्यांच्या कार्टूनपटांत कोको म्हणून दौतीतून बाहेर यायला लागला.

‘बोलणारं कार्टून १९२८ मध्ये मिकी माऊसने आणलं,’ हे लेखातलं दुसरं वाक्यही दुरुस्त करावं लागेल. फ्लायशर बंधूंचे बोलते गाणेपट त्याआधीच आले होते. पडद्यावर गाण्याच्या ओळी आणि त्यांवरून शब्दाशब्दाला उड्या मारत जाणारा चेंडू, की प्रेक्षकांनी त्याच्या तालावर गायचं. १९२६ च्या एका गाणेपटात तर कुत्रा तोंड हलवून सगळ्यांना चेंडूमागोमाग गायला सांगतो. मात्र तेव्हा बहुतेक थिएटरांत ध्वनीची यंत्रंच नव्हती. ऐकणारे थोडे, म्हणून श्रेय मिकीच्या पदरात पडलं. डिस्नेने ते गाजवलं हे खरं, पण गाजवणं वेगळं आणि सुरुवात करणं वेगळं.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही, तो फ्लायशर स्टुडिओतला १९३७ चा संप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुटपुंजा पगार, कामाचे लांबलेले तास आणि युनियनमध्ये गेलेल्यांना घरचा रस्ता, या कारणांनी मे महिन्यात कलाकार रस्त्यावर उतरले. ‘आम्ही लाखोंना हसवतो, पण खरा विनोद आमचा पगार आहे,’ अशा अर्थाचे फलक त्यांच्या हातात होते. पॉपायचं गाणं फिरवून ते ‘पॉपाय युनियनवाला’ म्हणून गात. संप ऑक्टोबरपर्यंत चालला, युनियनला मान्यता मिळाली. मग १९३८ मध्ये मॅक्सने स्टुडिओच उचलून मायामीला नेला. फ्लोरिडात सवलती होत्या आणि युनियनचा जोर नव्हता. त्याच स्टुडिओत लिलियन फ्रीडमन ही अ‍ॅनिमेटर होती. अमेरिकी स्टुडिओंत त्या पदापर्यंत पोहोचलेल्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक. पगार अर्थातच पुरुषांपेक्षा कमी. (आमच्याकडेही बायका रंगाला आणि पुरुष अ‍ॅनिमेशनला, अशी वाटणी होती. ती कुणी ठरवली, हे विचारायचं त्या वेळी सुचलं नाही.)

मायामीत १९३९ मध्ये ‘गलिव्हर’ हा कार्टूनपट झाला, १९४१ मध्ये सुपरमॅनचे. पण पैसा पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा होता, भावांचं आपसांत बोलणं बंद झालं होतं, आणि १९४१-४२ च्या सुमारास दोघेही स्वतःच्याच स्टुडिओतून बाहेर पडले. पॅरामाउंटने पाटी बदलून ‘फेमस’ केली.

पॉपाय सतत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो, ओठ मात्र हलत नाहीत, हे वाचकांनी पाहिलं असेल. फ्लायशरकडे आधी चित्रं पुरी व्हायची, आवाज नंतर भरला जायचा. ओठांच्या हालचालीत न बसणारं बोलणं त्यात माइकसमोर उभ्या उभ्या घुसडता येई. हे पुटपुटणं १९३५ पासूनच्या पॉपायपटांत ज्याने रंगवलं, तो जॅक मर्सर याच स्टुडिओत इनबिटविनर होता. म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारा, आमच्याच रांगेतला.

तेव्हा चित्राखालची ओळ दुरुस्त व्हावी, ही विनंती. आणि त्याच पानावर खाली उजवीकडे बेटी बूप आहे, तीही डिस्नेची नाही, फ्लायशरचीच.

– एक निवृत्त सेल-रंगारीण, डोंबिवली