जुनी गाडी घेण्याआधी

बेळगाव

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर दोन गाड्यांविषयी सांगितलेस. कोल्हापूरची २०१४ सालची एमएच-०९ क्रमांकाची आल्टो ८०० एक लाख साठ हजारांना मिळते आहे आणि इथल्या टिळकवाडीतली २०१३ सालची केए-२२ ची वॅगन-आर दोन लाख दहा हजारांना. तुझा ओढा आल्टोकडे आहे. पन्नास हजारांचा फरक डोळ्यांत भरण्यासारखाच आहे, पण फोनवर सगळे नीट मांडता आले नाही म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत वॅगन-आरकडे झुकते.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. तू निपाणीत राहतेस, म्हणजे गाडी तुझ्या नावावर करायची तर चिक्कोडीचे आरटीओ कार्यालय गाठावे लागणार. कोल्हापूरची गाडी घेतलीस की आधी तिथून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र काढावे लागेल, मग इकडे गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा आजीवन कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागेल, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा हवा असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करून पाठपुरावा करावा लागेल. "एमएच पाटीवरच चालवीन" असे कुणी सुचवील, आपल्या सीमाभागात तसे पुष्कळजण करतात. परंतु दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे ठेवली तर तिची इथे नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि रस्त्यात अडवल्यावर ही सबब चालत नाही. केए-२२ च्या गाडीचा आजीवन कर एकदा भरलेला असतो. फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलले की काम झाले. कर, एजंट आणि हेलपाटे धरले तर पन्नास हजारांतला बराचसा भाग इथेच जातो. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५, म्हणजे तो बोजा उतरवण्याचा अर्ज, आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नकोस.

कोल्हापूरच्या गाडीबाबत मला अधिक काळजी पुराची वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली होता, आणि तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून नंतर बाजारात आल्या. पाण्याची खूण सहजासहजी जात नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ. गुंडाळीच्या आतल्या भागावर तपकिरी रेघ किंवा मातीचा पातळ थर दिसला तर पाणी तिथवर आले होते असे समज. पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळावर टॉर्चचा उजेड टाक आणि डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालच्या खोबणीत हात फिरव. गंज आणि गाळ तिथेच दडून राहतो. कार्पेटखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट कीट चढले असेल तर गाडी कितीही चकचकीत असो, तिथूनच परत फिर. अशा गाडीत आज दिवे, उद्या हॉर्न, परवा स्टार्टर असे एकामागून एक बिघडत राहते आणि मेकॅनिकलाही मूळ सापडत नाही. आपल्याकडेही तेव्हा वेदगंगा आणि घटप्रभा भरल्याच होत्या, त्यामुळे ही तपासणी टिळकवाडीच्या गाडीचीही करायची.

इंजिन थंड असतानाच पाहायचे. ऑइलचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा. तिथे ताकासारखा पांढुरका, घट्ट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातले ऑइल आणि पाणी वेगळे ठेवणारी पट्टी, गेल्याची शंका घ्यावी. पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही बाष्पामुळे असा पातळ थर येतो, म्हणून डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल आणि कूलंटची पातळीही पाहावी. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते आहे. आल्टो ८०० च्या इंजिनात आतल्या भागांची चाल जुळवून ठेवणारा टायमिंगचा पट्टा असतो आणि तो ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. त्या वॅगन-आरच्या के-१० इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी आहे, तिथे हा खर्च असा वारंवार येत नाही. पट्टा बदलल्याचे बिल मालकाकडे नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चाल.

क्लचसाठी मात्र घाट हवा. मालकाला शेजारी बसवून निपाणीजवळचा तवंदी घाट चढ, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाब. इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी त्या मानाने पुढे जात नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपली आहे. छोट्या गाडीला हा खर्च मजुरीसह साधारण सहा ते आठ हजारांचा. वर पोहोचल्यावर तापमानाचा काटा किंवा दिवा काय सांगतो ते पाहा. खराब रस्त्यावर पुढून खडखड आली तर चाकांना धरून ठेवणारे लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड गेलेले असतात. ते फार महाग नसतात, पण भावात घासाघीस करायला उपयोगी पडतात. टायरवरचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी ठेवणार नाही, आणि चार टायर म्हणजे बारा ते पंधरा हजार.

आता वर्षाचा हिशेब. दर आठवड्याला निपाणी ते बेळगाव जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर आणि गावातले फिरणे धरले तर वर्षाला दहा हजार किलोमीटर होतात. लिटरला सोळा किलोमीटरच्या सरासरीने सव्वासहाशे लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या दराने चौसष्ट हजारांच्या आसपास. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ पासूनचा दर १००० सीसीच्या आतील गाडीला २,०९४ रुपये, अधिक कर. दोन्ही गाड्या त्यातच बसतात. मालकाचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) मात्र तुला मिळत नाही, तो त्याच्याच नावावर राहतो, आणि विमा नावावर करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा असतो. टोलचा फास्टॅगही तुझ्या नावाने नवा घ्यावा लागेल. सर्व्हिसिंगला पाच-सहा हजार धर. यापलीकडे पहिल्या वर्षासाठी पंचवीस हजार रुपये वेगळे काढून ठेव, कारण जुन्या गाडीचे टायर, बॅटरी, क्लच यांपैकी काहीतरी पहिल्या वर्षात हमखास पैसे मागते. हे पंचवीस हजार बाजूला ठेवता येत नसतील तर गाडी थोडी थांबून घे, पण कर्जावर कर्ज काढू नकोस.

वॅगन-आरचीही एक उणी बाजू आहे, ती लपवत नाही. २०१३ च्या गाडीची नोंदणी २०२८ मध्ये संपेल. मग फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागेल आणि त्याची फी पाच हजार आहे. हे दाखवून मालकाला दहा-बारा हजार कमी करायला सांगता येईल. दोन लाखांच्या आत देत असेल तर घ्यावी असे मला वाटते.

रविवारी सकाळी मी उद्यमबागेतल्या आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन टिळकवाडीत जातो. तू शनिवारीच इकडे ये, आणि मालकाला आजच फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये. बॉनेटला हात लावून ती गरम लागली तर आम्ही संध्याकाळी पुन्हा येऊ, असेही सांगून ठेव. आरसी, विमा आणि सर्व्हिसची बिले मूळ प्रतीत पाहायची आहेत.

तुझे बाबा