काका, तुमचा लेव्हल पाईप अजून माझ्याकडेच आहे

काका, व्हॉट्सॲपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहितेय, नात वाचून दाखवेलच तुम्हाला.

२०२४ च्या उन्हाळ्यात कोथरूडच्या त्या चार मजली बिल्डिंगवर मी पहिल्यांदा साइट इनचार्ज म्हणून आले, तेव्हा माझ्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा होता, नवं कोरं हेल्मेट होतं आणि अक्कल फारशी नव्हती. गच्चीचा जुना कोबा दुरुस्त करायचा, वॉटरप्रूफिंग, वर ऊन परतवणारा पांढरा रंग म्हणजे वरच्या मजल्यावरची माणसं भाजायची थांबतील, आणि शेवटी सोलर. मला वाटलं ह्यात काय एवढं, माणसांना हुकूम सोडायचे आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचे.

पहिला फटका मीटिंगमध्येच बसला. एका आजोबांनी विचारलं, सूर्यघर योजनेचे, म्हणजे छतावर सोलर बसवायला केंद्र सरकार देतं त्या सबसिडीचे, ७८ हजार प्रत्येक फ्लॅटला मिळणार का, आणि मी बिनधास्त हो म्हणून मोकळी झाले! ते स्वतःच्या घरासाठी ३ किलोवॅट किंवा जास्त बसवणाऱ्याला, सोसायटीच्या कॉमन मीटरला किलोवॅटमागे १८ हजार, हे मला रात्री वाचून कळलं. तुम्ही जिन्यात एवढंच म्हणालात, "ताई, उद्या सांगते म्हणायला पैसे पडतात का?" दुसऱ्या दिवशी आजोबांच्या दारात जाऊन चूक सांगितली तर त्यांनी चहा पाजला, हे मला अजून विचित्र वाटतं.

पण खरं ते मेचं प्रकरण. गळती तपासायला गच्चीवर ४८ तास पाणी भरून ठेवलेलं, एक थेंब खाली नाही, सगळे खुश. मग सोलरवाले घाईत, मी म्हटलं पॅनेलच्या स्टँडसाठी मारा स्लॅबला ड्रिल, तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. पहिल्या वळवाच्या पावसात चौथ्या मजल्याच्या बेडरूमला ओल आली आणि मी चेअरमनसमोर सरळ बोट दाखवलं वाटा भरणाऱ्या बिगाऱ्याकडे, कडेचा वाटा, म्हणजे गच्ची आणि भिंत मिळतात तिथला सिमेंटचा गोलावा, नीट भरला नाही म्हणून. तो बिचारा घमेलं हातात धरून नुसता उभा होता. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. सगळे गेल्यावर मला गच्चीवर नेलंत, स्टँडच्या पायाशी उकिडवं बसवलंत आणि बोल्टच्या कडेनं पाणी मुरताना दाखवलंत. वाटा अगदी ठणठणीत होता. लाज वाटली ओ.

दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर मी सांगितलं की भोकं माझ्या परवानगीनं पडली, आणि त्या पोराची माफी त्याच लोकांसमोर मागितली जिथं त्याचं नाव घेतलं होतं, कारण तुम्ही म्हणाला होतात कोपऱ्यात घेऊन मागितलेली माफी त्याला काय कामाची. मग भोकं बुजवली, स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर नुसत्या वजनानं उभे केले, पुन्हा ४८ तास पाणी. ठोकळ्यांमुळे पाणी अडू नये म्हणून उतार परत तपासायचा होता, दहा फुटाला सव्वा इंच, तेव्हा लेव्हल पाईपचं, म्हणजे पाणी भरलेल्या त्या पारदर्शक नळीचं, जिच्या दोन्ही टोकांच्या पाण्यावरून उंच-सखल कळतं, एक टोक तुम्ही मला दिलंत आणि दुसरं मुद्दाम त्याच पोराला, आणि वर म्हणालात "आज माप तो सांगेल, तू लिही." त्यानं बरोबर तो कोपरा पकडला जिथं पाणी साचणार होतं, जो माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हताच.

आता माझ्याकडं ११ जणं आहेत. सकाळी काम सुरू करायच्या आधी मी सगळ्यात गप्प माणसाला पहिलं विचारते, आज कुठं अडेल. निम्म्या वेळा तो "काही नाय" म्हणतो, पण उरलेल्या निम्म्या वेळी माझा दिवस वाचतो. आणि वॉटरप्रूफिंग झालेल्या गच्चीवर ड्रिल मशीन दिसलं की माझा आवाज खालच्या पार्किंगपर्यंत जातो, ते मात्र तुमच्याकडून नाही शिकले.

हां, त्या पांढऱ्या गच्चीवर धूळ बसलीये, शेजारी बांधकाम चालू आहे ना. पावसाआधी धुवायला तो बिगारी पोरगा येणार आहे, आता मिस्त्री झालाय तो, तुम्हाला माहितीच असेल. तुमचा पाईप हवा असेल तर त्याच्याबरोबर पाठवते, नाहीतर काका, खरंच, राहू दे ना माझ्याकडं.